परवाना शाबूत, हत्यार नादुरुस्त

शस्त्रपरवान्याचे नूतनीकरण हा आपल्या प्रशासनातील एक चोख समजला जाणारा विधी आहे. अर्ज येतो, तो चौकशीसाठी पोलीस ठाण्याकडे जातो, अर्जदाराच्या वर्तणुकीची पडताळणी होते, राष्ट्रीय नोंदणीतील त्याचा विशिष्ट क्रमांक जुळवून पाहिला जातो आणि हत्यार समक्ष दाखविण्यास फर्मावले जाते. ठाण्यातील कर्मचारी हत्यारावर कोरलेला क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशी ताडतो. तो जुळला की काम संपले. नळी आतून गंजली आहे काय, घोडा जागच्या जागी थांबतो काय, आतील स्प्रिंग चाळीस वर्षांपूर्वीची आहे की साठ, हे पाहण्याची पद्धत नाही. २०१९ सालच्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. तेव्हा क्रमांकापुरती होणारी ही भेटही आता पाच वर्षांतून एकदाच व्हावयाची.

कागदाविषयी इतके दक्ष असणारे राज्य हत्याराच्या प्रकृतीविषयी इतके उदासीन का, हा प्रश्न वरवर पाहता मूठभर परवानाधारकांच्या सोयीचा वाटेल. तो तेवढाच असता तर त्यावर वृत्तपत्राची जागा खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु नादुरुस्त रिव्हॉल्व्हर हे केवळ निकामी हत्यार नसते. बिघडलेले घड्याळ वेळ दाखविण्याचे थांबते. बिघडलेले रिव्हॉल्व्हर पुष्कळदा उडावयाचे थांबत नाही, ते भलत्या वेळी उडते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी शिरली, तेव्हा ही गोष्ट काही दिवस चर्चेत आली. हत्यार जुने होते आणि त्याच्या खटक्याचा एक बारीकसा भाग तुटलेला होता, असे त्यावेळच्या वार्तांत प्रसिद्ध झाले. चर्चा झाली ती अभिनेत्याच्या प्रकृतीची, आणि माणूस प्रसिद्ध असल्यामुळे पोलिसांना काही संशय आहे काय याची. तो तुटलेला भाग बदलून घ्यावयाचा म्हटले तर या देशात तो मिळाला असता कोठे, हे मात्र कोणी विचारले नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी रिव्हॉल्व्हरच्या पोटात काय असते हे थोडे पाहिले पाहिजे. आपल्याकडे नागरिकांच्या हाती असलेली जुनी रिव्हॉल्व्हरे पुष्कळशी वेब्ली घराण्याची किंवा त्या धाटणीची आहेत. वरच्या बाजूची आकडी अंगठ्याने दाबली की हत्यार बिजागरीवर मोडते, नळी खाली झुकते आणि सिलिंडरमधील सहाही काडतुसांची टरफले एकदम वर उचलली जातात. रचना मजबूत, दिसण्यास साधी. पण या साधेपणाच्या आत घड्याळजीच्या टेबलावर शोभावे असे काम असते. चाप ओढला की एक लहानशी पट्टी सिलिंडरच्या मागील दात्याला वर ढकलते आणि सिलिंडर एका घरापुरते फिरते. ते नेमके नळीच्या रेषेत आले की दुसरा एक तुकडा त्यास अडवून धरतो. त्याच क्षणी घोडा सुटला पाहिजे. आधी नाही, नंतरही नाही. मुख्य स्प्रिंग ही एक दुमडलेली पोलादी पट्टी. तिच्या जोरावर घोडा आदळतो आणि आदळून झाल्यावर किंचित मागे सरून उभा राहतो.

हे किंचित मागे सरणे महत्त्वाचे आहे. घोड्याचे टोक काडतुसाच्या बुडाला टेकलेले राहू नये, म्हणून ही योजना. स्प्रिंग थकली किंवा घोड्याची खाच झिजली की घोडा पुरेसा मागे सरत नाही. मग हत्यार हातातून निसटून घोड्यावर आपटले तर काय होईल याचा भरवसा राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील काही कारखान्यांनी घोडा आणि काडतूस यांच्या मध्ये एक स्वतंत्र दुवा घालून हा धोका टाळला होता. जुन्या हत्यारांपैकी बहुतेकांत ती सोय नाही, म्हणूनच घोड्याखालील घर रिकामे ठेवून पाचच काडतुसे भरण्याची जुन्या लोकांची रीत होती. सिलिंडर फिरविणारी पट्टी झिजली तर घर आणि नळी यांची रेषा चुकते. शिशाची कड नळीच्या तोंडाशी कापली जाते आणि तिचे कण बाजूस उडतात. वरची आकडी सैल झाली तर बार उडताना हत्यार आपणहून उघडण्याची भीती असते. यांतील एकही भाग मोठा नाही. पुष्कळसे बोटाच्या पेराएवढे, काही तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. परंतु हत्यार सुरक्षित आहे की नाही हे या पेराएवढ्या तुकड्यांवरच ठरते.

हे तुकडे करणारा कारखाना राहिला नाही, ही पहिली अडचण. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १८९७ साली तीन पेढ्या एकत्र येऊन वेब्ली अँड स्कॉट ही कंपनी स्थापन झाली. त्यापूर्वीच, १८८७ साली, वेब्लीचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने स्वीकारले होते. साम्राज्यासोबत ते हिंदुस्थानात आले आणि साम्राज्य गेल्यावर येथेच राहिले. अधिकाऱ्यांकडून संस्थानिकांकडे, संस्थानिकांकडून सराफांकडे व बागाईतदारांकडे, बापाकडून मुलाकडे असा त्यांचा प्रवास झाला. कंपनीने १९७९ साली बंदुकांचे उत्पादन थांबविले आणि पुढे तिचे नाव हवेच्या बंदुकांपुरते उरले. १९९६ साली स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर ब्रिटनने १९९७ मध्ये नागरिकांच्या हातून जवळजवळ सर्व पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे काढून घेतली. ज्या गावी ही हत्यारे जन्मली त्या गावचा सामान्य नागरिक आज ती बाळगू शकत नाही. तेव्हा त्यांच्या सुट्या भागांसाठी तिकडे दुकाने थाटलेली असतील, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण आपली स्वतःची आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी बंदुका-रिव्हॉल्व्हरांची आयात जवळपास बंद झाली. नामांकित नेमबाजांना क्रीडेच्या निमित्ताने मिळणारी सवलत तेवढी उरली. त्या निर्णयामागे कारणे होती. पंजाब पेटलेला होता आणि परदेशी हत्यारांचा ओघ आटोक्यात आणणे सरकारला आवश्यक वाटले असल्यास त्यात नवल नाही. पण नवी हत्यारे येणे बंद करताना आधीच आलेल्या हत्यारांचे पुढे काय, याचा विचार झाल्याचे दिसत नाही. परिणाम उलटाच झाला. नवे मिळत नाही म्हणून जुन्याला सोन्याचा भाव आला. इतर देशांत जे रिव्हॉल्व्हर जुन्या बाजारात बेताच्या किमतीत पडून राहिले असते, ते येथे काही लाखांना विकले जाऊ लागले. एवढी किंमत मोजून घेतलेली वस्तू कोणी टाकून देत नाही. ती कशीबशी चालती ठेवण्याकडेच कल असतो. या 'कशीबशी'तच सारा धोका आहे.

तिसरी अडचण कायद्याच्या शब्दांत आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने 'शस्त्र' या संज्ञेत शस्त्रांचे भाग आणि शस्त्रे बनविण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश केला. साधी लाठी आणि फिरावयास जाताना हाती धरावयाची काठी यांना व्याख्येतून वगळण्याची काळजी याच कायद्याने घेतली आहे. स्प्रिंग, स्क्रू, पिन यांना वगळण्याची घेतलेली नाही. शब्दशः वाचल्यास वेब्लीच्या चापाची स्प्रिंग कोणाच्या खिशात विनापरवाना सापडली तर ती शस्त्रच होय. कलम ५ प्रमाणे शस्त्र बनविण्यास व विकण्यास जसा परवाना लागतो तसाच दुरुस्त करण्यासही लागतो. हे योग्यच आहे. दुरुस्तीच्या नावाखाली काय काय घडू शकते हे कोणासही सांगावयास नको. तथापि दुरुस्तीचा परवाना देणाऱ्या राज्याने दुरुस्तीसाठी लागणारा भाग कायदेशीरपणे कोठून आणावा हे सांगितले नाही, तर तो परवाना म्हणजे औषधांच्या दुकानाला परवानगी देऊन औषधांवर बंदी घालण्यासारखे होते.

भाग म्हणजे सगळेच भाग सारखे नव्हेत, हा विवेक इतर देशांच्या कायद्यांनी केला आहे. ब्रिटनचा बंदूकविषयक कायदा जगातील कडक कायद्यांपैकी एक मानला जातो. त्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने कोणते भाग कायद्याच्या कक्षेत येतात हे नेमके सांगितले: नळी, घर किंवा सिलिंडर, सांगाडा, आणि बाराचा दाब मागील बाजूस थोपविणारी यंत्रणा. युरोपीय संघाच्या त्याच वर्षीच्या निर्देशातही अत्यावश्यक भागांची अशीच यादी आहे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याप्रमाणे मुख्यतः सांगाडाच बंदूक समजला जातो आणि बाकीचे भाग टपालाने घरपोच येतात. अमेरिकेचा कित्ता गिरवावा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. त्या देशाने बंदुकांचे जे करून ठेवले आहे ते पाहता तिकडून घेण्यासारखे फार थोडे. पण ब्रिटनने केलेला भेद तर्काला धरून आहे. सांगाडा, नळी आणि सिलिंडर हाती आले तर हत्यार उभे राहू शकते. एका स्प्रिंगमधून, एका स्क्रूमधून किंवा मुठीच्या लाकडी फळ्यांमधून रिव्हॉल्व्हर जन्मास येत नाही. आधीच असलेले रिव्हॉल्व्हर तेवढे धड राहते.

आता हे भाग मिळत नाहीत तेव्हा प्रत्यक्षात काय होते ते पाहू. मोठ्या शहरांतील परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांकडे पूर्वी एखादा तरबेज कारागीर असे. जुन्या, उडवण्याच्या कामातून गेलेल्या हत्यारांचे भाग तो डब्यांतून जपून ठेवी आणि गिऱ्हाइकाच्या हत्याराला घासून बसवून देई. घासून बसवणे हा येथे कळीचा शब्द आहे. बर्मिंगहॅमची ती हत्यारे कारखान्यात झाली असली तरी त्यांचे अंतिम बसवणे हाताने होत असे. एका रिव्हॉल्व्हरची पट्टी दुसऱ्यात जशीच्या तशी चालत नाही. तेव्हा भाग मिळाला तरी तो बसविणारा हात हवा, आणि तो हात तयार होण्यास वर्षे लागतात. असे कारागीर वृद्ध झाले, काही निवर्तले. त्यांच्या मुलांनी हा धंदा पत्करला नाही, कारण त्यात परवान्याची कटकट पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी. उरलेले कारागीर जमेल ते करतात. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी दुसऱ्याच कामाच्या पोलादाची पट्टी कापून बसविली जाते. तिला नेमका किती चढ-उतार देऊन पाणी पाजावे याचा अंदाज चुकला तर ती एक तर वाकते, नाही तर ऐन वेळी तुटते. झिजलेल्या पट्टीवर झाळ चढवून ती पुन्हा कानशीने घासली जाते. हत्यार उडते, गिऱ्हाईक समाधानाने जाते. ते किती दिवस उडेल आणि कसे उडेल याची हमी कोणीच देत नाही, आणि तशी तपासणी करून घेण्याची कोणावर सक्तीही नाही.

याहून वाईट म्हणजे अधिकृत दार बंद दिसले की माणूस मागच्या दाराकडे वळतो. जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगत सातपुड्याच्या कुशीतील उमर्टीचे नाव महाराष्ट्रातील पोलीस तपासांत वारंवार येते. तेथे भट्टी, ऐरण आणि कानस यांच्या साहाय्याने पिस्तुले बनविली जातात. बनविणाऱ्यांच्या हातात कसब आहे, एवढे त्यांच्या शत्रूंनाही मान्य करावे लागेल. बिहारमधील मुंगेरची परंपरा त्याहून जुनी. मीर कासिमने १७६२ च्या सुमारास राजधानी तेथे हलविली आणि शस्त्रांचे कारखाने उभारले, तेव्हापासून ती चालत आली आहे. तेथे आजही परवानाधारक कारखाने आहेत, आणि त्यांच्या सावलीत बेकायदा कारखानेही. एखाद्या सभ्य, कर भरणाऱ्या, कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेल्या माणसाला वडिलांच्या रिव्हॉल्व्हरची पट्टी हवी आहे आणि ती करून देणारा माणूस फक्त तेथेच आहे, अशी स्थिती आणून ठेवणे हे कोणत्याही राज्याला भूषणावह नाही. जो माणूस नोंदणीत आहे, ज्याचा पत्ता ठाऊक आहे, त्यालाच गुन्हेगारांच्या ओळखीकडे ढकलणारी ही व्यवस्था सुरक्षिततेच्या नावाने चालते, ही त्यातली विसंगती.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलक्याने झटकून टाकण्यासारखा नाही. नागरिकांच्या हाती हत्यारे असावीतच कशाला? ती नादुरुस्त होऊन आपोआप निकामी होत असतील तर बरेच झाले. या मतामागे मोठी परंपरा आहे. १८७८ चा लिटनचा शस्त्रकायदा हिंदी माणसाचा अवमान करणारा म्हणून राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव केले. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही नमूद झाला. पण डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. हक्क न देता परवाना द्यावयाचा, हा मार्ग स्वतंत्र भारताने जाणीवपूर्वक पत्करला आणि गेल्या पाऊणशे वर्षांचा अनुभव पाहता तो शहाणपणाचाच ठरला. हत्यारे कमी व्हावीत हे ध्येय म्हणून मान्यच आहे. २०१९ साली एका माणसाकडील हत्यारांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली गेली, तीही त्याच दिशेने.

परंतु हत्यारे कमी करणे आणि हत्यारे कुजू देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते; एकट्या उत्तर प्रदेशात त्यांतील १२ लाख ७७ हजार. ही हत्यारे कपाटात, उशीखाली, तिजोरीशेजारी, बँकेच्या दाराशी आहेत. ती गंजल्याने नाहीशी होत नाहीत. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या आणि एकनळी बंदुका बाळगणारे शेतकरी आहेत. रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून भातशेती आणि बागा राखण्यासाठी त्या दिल्या गेल्या. निवडणूक आली की छाननी समितीच्या निर्णयानुसार त्यांतील कित्येकांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. ती परत येते तेव्हा कधी पावसाळ्याची ओल खाऊन येते, आणि तिची जी अवस्था होते त्याचा जाब कोणाला विचारावयाचा हे त्या शेतकऱ्याला ठाऊक नसते. ठासणीची बंदूक गावचा लोहार निदान चालती करून देतो, मग ते कायद्यात बसो वा न बसो. रिव्हॉल्व्हरपुढे त्याचेही हात टेकतात. राज्याला हत्यार नको असेल तर ते काढून घ्यावे, परत करू इच्छिणाऱ्यास वाजवी मोबदला द्यावा, परवाना रद्द करण्याची प्रक्रिया सुलभ करावी. हे सारे प्रामाणिक मार्ग आहेत. परवान्याचे शुल्क घ्यावयाचे, प्रशिक्षणाची सक्ती करावयाची, आणि हत्यार मात्र आपल्या मरणाने मरू द्यावयाचे, हा मार्ग प्रामाणिक म्हणता येणार नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदारास सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घेणे आवश्यक केले आहे. हत्याराची निगा राखण्याचे धडे देणाऱ्याने निगेसाठी लागणारे साहित्य कोठे मिळते हेही सांगावयास हवे.

यातील खरी गंमत अशी की, राज्य स्वतःच रिव्हॉल्व्हर बनविते. कानपूरच्या सरकारी कारखान्यातून नागरिकांसाठी ०.३२ व्यासाचे रिव्हॉल्व्हर कित्येक वर्षे तयार होत आहे, आणि त्याची घडण पाहणाऱ्यास वेब्लीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. २०१४ च्या जानेवारीत तेथूनच 'निर्भीक' हे हलक्या धातूचे रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून गाजावाजा करून बाजारात आले. किंमत सव्वा लाखाच्या घरात. २०२१ च्या ऑक्टोबरपासून आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या आणि त्यांतील कानपूरच्या कंपनीने २०२३ मध्ये 'प्रबळ' नावाचे नवे रिव्हॉल्व्हर आणले. एवढेच नव्हे, तर २०२० पासून उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात संडीला येथे वेब्लीच्याच नावाने खासगी क्षेत्रात रिव्हॉल्व्हर तयार होऊ लागले. आणि काडतुसे? ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीची. ०.३२ च्या काडतुसाच्या बुडावरील 'के. एफ.' ही अक्षरे म्हणजे खडकीच्या कारखान्याची खूण; बर्मिंगहॅमच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये तीच भरली जातात. सरकार जुन्या हत्याराला खाऊ घालते, परंतु त्याच्या औषधपाण्याची जबाबदारी घेत नाही.

नवे हत्यार विकण्यात कारखान्याला रस असणे स्वाभाविक आहे. सुटी स्प्रिंग विकून काय मिळणार? परंतु हा हिशेब निव्वळ व्यापाराचा नाही. आपल्या पोलीस दलाकडे पाहिले तर फरक लगेच कळतो. प्रत्येक पोलीस मुख्यालयात शस्त्रागार असते, आर्मोरर असतो, ठराविक काळाने हत्यारे तपासली जातात, खराब भाग बदलले जातात. त्यावर शिस्तीने खर्च होतो, कारण नादुरुस्त हत्यार शिपायाचाच जीव घेईल हे तेथे प्रत्येकाला ठाऊक असते. तोच न्याय परवानाधारकास लावण्यात तत्त्वाची अडचण कोणती?

मार्ग सुचविणे कठीण नाही. रिव्हॉल्व्हरचा सांगाडा, नळी आणि सिलिंडर हे भाग आज आहेत तसेच कडक नियंत्रणाखाली राहावेत. किंबहुना त्यांच्या नोंदी अधिक काटेकोर व्हाव्यात. स्प्रिंगा, स्क्रू, पिना, पट्ट्या, मुठी हे दुसऱ्या वर्गात घालून ते परवानाधारक कारागिरास, परवान्यावरील हत्याराचा क्रमांक लिहून घेऊन, मिळू द्यावेत. तुटलेला भाग आणून जमा केल्याखेरीज नवा द्यावयाचा नाही, असा नियम केला तर साठेबाजीचीही भीती उरत नाही. हे भाग कानपूरच्या कारखान्याने किंवा एखाद्या खासगी परवानाधारक उत्पादकाने जुन्या नमुन्यांबरहुकूम थोड्या संख्येने करावेत. कानपूरचा तुकडा बर्मिंगहॅमच्या हत्यारात तसाच बसणार नाही हे खरे. पण थोडा मोठा ठेवलेला योग्य पोलादाचा, योग्य पाणी दिलेला तुकडा कारागिराच्या हाती आला तर घासून बसविण्याचे काम तो करू शकतो. आज तो जे बसवितो त्यापेक्षा ते शतपटीने बरे.

आणि दुरुस्त झालेल्या हत्याराची परीक्षा झाली पाहिजे. बर्मिंगहॅममध्ये १८१३ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले बंदूक-परीक्षागृह आजही काम करते. नळी जादा दाबाच्या बाराने तपासून, टिकली तर त्यावर ठसा मारावयाचा, ही त्याची रीत. झीज होऊन परीक्षेच्या मर्यादेबाहेर गेलेले हत्यार विकणे त्या देशात गुन्हा आहे. इंग्रजांकडून आपण शस्त्रकायदा घेतला, परवान्याची वही घेतली, जमा करण्याची पद्धत घेतली. दुकानातल्या आणि घरातल्या जुन्या हत्याराच्या सुरक्षिततेची ही सवय मात्र घ्यावयाची राहून गेली. प्रत्येक महसुली विभागात एक तपासणी केंद्र, पोलीस मुख्यालयातील आर्मोररच्या देखरेखीखाली, उघडणे फार खर्चाचे नाही. नूतनीकरणाच्या वेळी क्रमांकासोबत हत्याराचीही तपासणी व्हावी. जे नापास होईल ते दुरुस्त करण्यास मुदत द्यावी, आणि दुरुस्त न होण्याजोगे असेल तर ते काढून घ्यावे. असे केल्यास कित्येक जुनी रिव्हॉल्व्हरे कायमची बाद होतील. परवानाधारकांना ते रुचणार नाही, आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही किंमत आधीच मान्य केली पाहिजे. काही लाख मोजून घेतलेले हत्यार धोकादायक ठरले तर धोका मोठा मानावयाचा, मोजलेले लाख नव्हेत.

कारागिरांची गोष्ट शेवटी उरते, आणि तीच सर्वांत अवघड आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून फिटर, टर्नर, वेल्डर तयार होतात. बंदूक दुरुस्त करणारा कोठेही शिकविला जात नाही. आयुध निर्माण्यांतून निवृत्त झालेले कुशल कामगार खडकी, अंबरनाथ, वरणगाव, भंडारा, अंबाझरी येथे पुष्कळ आहेत. धातूची नस ओळखणारी ही माणसे. त्यांच्यापैकी इच्छुकांना पडताळणीनंतर दुरुस्तीचा परवाना दिला आणि हाताखाली एखादा शिकाऊ ठेवण्याची अट घातली, तर एका पिढीपुरती तरी ही विद्या वाचेल. सध्या असा परवाना मागण्यास गेलेल्या माणसाकडे कार्यालयात ज्या नजरेने पाहिले जाते, ती नजर आधी बदलावी लागेल.

तोवर प्रत्येक जिल्ह्यात सरकारजमा होणाऱ्या हत्यारांचे काय होते, एवढे तरी तपासून पाहावे. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ठाण्यात जमा केलेली, मुदतीत कोणी न मागितलेली, न्यायालयाच्या आदेशाने जप्त झालेली अशी हत्यारे मालखान्यात वर्षानुवर्षे पडून असतात. त्यांत जुन्या वेब्लीही असतात. सीमाशुल्क खात्याने पकडलेली चांगली परदेशी हत्यारे एके काळी लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना विकत दिली जात, तेव्हा त्यांच्या विल्हेवाटीची रीतसर व्यवस्था करण्यास सरकारला अडचण आली नव्हती. बाकीची तोडून वितळविली जातात. सांगाडा आणि नळी तोडलीच पाहिजे; त्यात दुमत नाही. त्याआधी पंचनामा करून स्क्रू-पिना आणि धड असलेल्या स्प्रिंगा वेगळ्या काढाव्यात, त्यांची नोंद करावी आणि त्या परवानाधारक कारागिरांना द्याव्यात, एवढा एक शासननिर्णय निघाला तरी पुष्कळ हत्यारांची दुरुस्ती उद्यापासून रीतसर होऊ लागेल. आज त्या स्प्रिंगाही सांगाड्याबरोबरच भट्टीत जातात.